पावलाचा दाखला

अडीचराव हे नाव ऐकून पहिल्यांदा भेटायला येणारा माणूस जरा खालीच बघत यायचा. मग दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान तिरकी करून उभा असलेला सहा फुटी गृहस्थ दिसला की त्याची पंचाईत व्हायची. अडीच ही त्यांची उंची नव्हती. ते त्यांचं पाऊल होतं. आणि हे पाऊल सहीशिक्क्याचं आहे हे अडीचराव पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकायचे, त्यामुळे पाहुण्याला फार वेळ कोड्यात राहावं लागायचं नाही.

त्याची हकिकत अशी. एकतीस वर्षांपूर्वी ते बंदर कचेरीत मोजणीदार म्हणून लागले. काम एकच. नदी जिथे समुद्राला मिळते तिथला किनारा दर पंधरवड्याला मोजायचा आणि आकडा वहीत चढवायचा. कारण तो किनारा एका जागी बसणाऱ्यातला नव्हता. नदी वरून वाळू आणायची, तिरक्या लाटा ती किनाऱ्याच्या कडेकडेनं पुढे ढकलायच्या, आणि साठत साठत नदीच्या तोंडापुढे वाळूचा एक लांबलचक दांडा तयार झाला होता. अलीकडे नदी, पलीकडे समुद्र, मधे हा दांडा. त्याचं टोक दर वर्षी थोडं पुढे सरकायचं आणि नदीला समुद्र गाठायला तेवढा जास्त वळसा पडायचा. होडीवाल्यांनाही पडायचा. ते नदीला, वाळूला आणि कचेरीला एका दमात शिव्या द्यायचे, आणि त्यातल्या कचेरीच्या वाट्याच्या अडीचराव विनातक्रार ऐकून घ्यायचे.

मोजायला कचेरीनं लोखंडी साखळी दिली होती. खाऱ्या हवेत ती वर्षभरात गंजून तुटली. नव्या साखळीचा अर्ज गेला, उत्तर आलं, ‘उपलब्ध साधनांनी काम चालवावे.’ अडीचरावांकडे उपलब्ध साधन म्हणजे दोन पाय. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी मग कचेरीच्या व्हरांड्यात त्यांना वीस पावलं चालायला लावलं आणि स्वतःच्या टेपनं अंतर मोजलं. बरोबर पन्नास फूट. पुन्हा चालवलं. पुन्हा पन्नास. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे दाखला टाइप करून दिला. ‘सदर कर्मचाऱ्याचे पाऊल अडीच फूट असून मोजणीसाठी ग्राह्य धरावे.’ खाली सही, गोल शिक्का. पुढे साहेबांची बदली झाली, टेप त्यांच्याबरोबर गेला, दाखला राहिला. अडीचरावांनी तो चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावला. शेजारी लग्नाचा फोटो होता, त्याची चौकट दाखल्याच्या निम्मी होती. बायको ही गोष्ट विसरली नव्हती, पण तिनं ती राखून ठेवली होती.

आता मोजणी कशी व्हायची ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. दांडा जिथे जमिनीला जोडलेला होता, त्या मुळाशी एक दगडी खांब होता. तिथे पाठ टेकवून उभं राहायचं. मग समुद्राच्या दिशेनं नाकासमोर चालत सुटायचं, भरतीनं मागे टाकलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या रेषेपर्यंत. पावलं मोठ्यानं मोजायची, मनातल्या मनात नाही. मनातल्या मनात मोजणारा माणूस मधेच घरचे विचार करायला लागतो, असं अडीचरावांचं ठाम मत होतं. शेवटचा आकडा वहीत लिहायचा, तारीख घालायची, झालं.

खांब आणि समुद्र यांच्या मधे, मोजणीच्या वाटेला खेटूनच, त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. ताई होड्यांची शिडं आणि ताडपत्र्या शिवायची. नवरा गेल्यावर तिनं त्याचं शिलाई मशीन चालवायला घेतलं आणि दोन वर्षांत त्याच्यापेक्षा सरळ टीप मारायला लागली. मशीन असलं दणकट की ते हलवायचं म्हणजे कंबरेशी वैर. अडीचराव मोजणी संपवून परत फिरले की ताईच्या ओट्यावर बसायचे, चहा व्हायचा, आणि कप खाली ठेवता ठेवता ते बातमी द्यायचे.

“ताई, या खेपेला एक पाऊल मागे गेला गं.”

“कोण?”

“समुद्र. दुसरं कोण?”

“बरं झालं,” ताई म्हणायची आणि सुईत दोरा ओवायला लागायची.

पहिल्या वर्षी वहीत एकशे वीस होते. तिसाव्या वर्षी एकशे सव्वीस. म्हणजे सहा पावलं जमीन वाढली, आणि तीही बहिणीच्या घरापुढे. अडीचरावांना हे जवळजवळ स्वतःच्या कर्तबगारीसारखं वाटायचं. टोक तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होतं. टोक वाढतंय तर मूळही वाढणारच, यात त्यांना काही विचार करण्यासारखं दिसत नव्हतं.

वाळू मात्र त्यांना अधूनमधून काहीतरी सांगू बघत होती. पूर्वी किनाऱ्याच्या मधोमध एक जुना खुंट होता, त्यावर ते शर्ट अडकवून मोजायला निघायचे. एका वर्षी खुंटाला भरतीचं पाणी लागायला लागलं. अडीचरावांनी शर्ट अडकवायची जागा बदलली. ताईचं कोंबड्यांचं खुराडं एका वादळात गेलं. वादळच तसं होतं, ते म्हणाले. ताईनं पश्चिमेच्या खोलीतलं मशीन मधल्या खोलीत हलवायचं काढलं, तेव्हा त्यांनीच घाम गाळून ते उचललं आणि वर तिची थट्टा केली. सहा वर्षांनी तिनं तेच मशीन मधल्या खोलीतून मागच्या खोलीत न्यायला लावलं. “बायकांना सामान हलवल्याशिवाय चैन पडत नाही,” अडीचराव घरी येऊन बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, “हो का,” आणि त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत राहिली. बारा वर्षांपूर्वी होडीतून उतरताना तो गुडघा दुखावला होता. तो पुरता कधी बरा झाला नाही, पण पावलावर त्याचा काही परिणाम नाही असं अडीचराव सांगायचे. दाखल्यात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता.

निवृत्तीला चार महिने उरले असताना कचेरीत मोजणीच्या नव्या बाई आल्या. वय लहान, बोलणं हळू, बरोबर तीन पायांचं यंत्र. अडीचरावांना दोन पायांवर तीस वर्षं काढल्यावर तिसऱ्या पायाची गरज पटत नव्हती. पण बाई त्यांना काका म्हणत, खुर्ची देत, म्हणून त्यांनी त्या यंत्राकडे दुर्लक्ष करून बाईंशी सलोखा ठेवला होता.

बाई आल्या होत्या यादीसाठी. मोठ्या उधाणांआधी दांड्यावरची कोणती घरं हलवायची, ते ठरायचं होतं. ज्यांची घरं यादीत येतील त्यांना बाजारामागच्या उंचवट्यावर दोन खोल्या मिळणार होत्या. ज्यांची येणार नाहीत त्यांनी आपापल्या ठिकाणी राहायचं. कच्च्या यादीत सतरा घरं होती, ताईचं नव्हतं. अडीचरावांच्या वह्यांवरून ते आधीच खोडलं होतं, पुढे शेरा होता, ‘किनारा वाढता, धोका नाही.’

बाईंनी यंत्र खांबापाशी लावलं. आकडा निघाला दोनशे पंधरा फूट. अडीचरावांची एकशे सव्वीस पावलं म्हणजे तीनशे पंधरा. मधले शंभर फूट कुठे गेले ते कोणालाच कळेना.

कचेरीतल्या साहेबांना दोन आकड्यांचं भांडण मुळीच आवडायचं नाही. त्यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा वह्यांच्या गठ्ठ्याकडे, आणि निर्णय अडीचरावांच्या गळ्यात घातला.

“तुमच्याकडे दाखला आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही लेखी द्या, वहीचा आकडा बरोबर, तर घर आहे तिथे राहील. चूक आहे असं द्या, तर घर यादीत. शनिवारी दुपारी यादी बंद.”

“चूक कशी असेल?” अडीचराव म्हणाले.

बाईंनी जरा चाचरत विचारलं, “काका, एकदा टेपवर चालून दाखवता?”

“माझं पाऊल तपासून झालंय,” अडीचरावांनी आवाज चढवला. “तुमचा जन्म व्हायच्या आधी.”

बाईंनी टेबलावर बोटानं रेघ ओढून समजावून सांगितलं, की टोकाला जाऊन बसणारी वाळू आभाळातून पडत नाही, मुळाशी असलेलीच लाटा तिकडे नेतात. पूर्वी नदी मुळाशी नवी वाळू आणून टाकायची, म्हणून भरपाई व्हायची. वर धरण झालं, वाळू तिथेच अडकते. त्यामुळे टोक वाढत असलं तरी मूळ बारीक होत जाणार. अडीचरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि “बघू,” असं म्हणून छत्री उचलली.

त्या दिवशी ते बायकोबरोबर बाजारात गेले आणि रस्ताभर बाईंच्या यंत्राला नावं ठेवत राहिले. कोपऱ्यावर बायको थांबली होती.

“का थांबलीस?”

“तुम्ही यायचे होतात ना.”

“मी आलोच होतो.”

“पूर्वी मला तुमच्या मागे पळावं लागायचं,” ती म्हणाली. “दम लागायचा. आता प्रत्येक कोपऱ्यावर माझी विश्रांती होते.”

“तुझा वेग वाढलाय,” अडीचराव म्हणाले. बायकोनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली.

शुक्रवारी सकाळी ओहोटीच्या वेळेला ते एकटेच दांड्यावर गेले. पुन्हा मोजायचं, आकडा पुन्हा तोच आणायचा, आणि तो कागदावर घालून यंत्राचं तोंड कायमचं बंद करायचं, असा बेत होता. खांबाला पाठ टेकवली. निघाले. एक, दोन, तीन. आवाज खणखणीत होता, पाय जरा कुरकुरत होते. ताईच्या मागच्या भिंतीशी आले, पुढे सरकले, तिच्या समुद्राकडच्या खिडकीपाशी पोचले.

“एकशे पाच,” अडीचराव म्हणाले.

“बहात्तर,” खिडकीतून आवाज आला.

ते थांबले. गज धरून ताई उभी होती.

“मधे बोलू नकोस गं, आकडा चुकतो.”

“चुकलाच आहे. या खिडकीशी तू बहात्तर म्हणायचास. मी आत मशीनवर असायचे. तू मोजत आलास की मी पण मोजायचे. बहात्तर आलं की उठून चहाचं आधण ठेवायचे. तू समुद्रापर्यंत जाऊन येईपर्यंत पाणी उकळायचं.”

“मग?”

“मग काही वर्षांनी तू इथे ऐंशी म्हणायला लागलास. मशीन पहिल्यांदा हलवलं त्या वर्षी चौऱ्याऐंशी. दुसऱ्यांदा हलवलं तेव्हा शहाण्णव. आज एकशे पाच.” ताईनं गजावर टिचकी मारली. “अरे, खांब दगडाचा आहे. घर विटांचं आहे. त्यांच्यातलं अंतर कसं वाढेल?”

अडीचरावांनी खांबाकडे पाहिलं. मग घराकडे. तीस वर्षं ते दर पंधरवड्याला या खिडकीवरून मोठमोठ्यानं आकडे ओरडत गेले होते आणि वहीत मात्र फक्त शेवटचा उतरवला होता. मधले आकडे त्यांनी सगळ्या जगाला ऐकवले, स्वतः ऐकले नव्हते.

ते तसेच पुढे चालले. खिडकीपासून पाण्याच्या रेषेपर्यंत एकवीस पावलं भरली. पहिल्या वर्षी, त्यांच्या लक्षात आलं, हीच वाट अठ्ठेचाळीस पावलांची असणार. आणि ती अठ्ठेचाळीस मोठी पावलं होती.

ताई शिवणाचा टेप गळ्यात घालून बाहेर आली. ओल्या वाळूत त्यांच्या पावलांचे ठसे उमटले होते, स्वच्छ, एकामागून एक, उजवा जरा फरपटलेला. ताईनं वाकून एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत टेप धरला. पुढचे दोन ठसे मोजले, मग आणखी दोन.

“एक फूट साडेआठ इंच,” ती म्हणाली. “सगळी सारखी आहेत हो. ती सवय गेली नाही तुझी.”

हे कौतुक होतं की थट्टा, ते अडीचरावांना कळलं नाही. ते ओट्यावर बसले. आतल्या पश्चिमेच्या खोलीचं दार उघडं होतं. खोली रिकामी होती आणि भिंतीला हातभर उंचीपर्यंत मिठाचे पापुद्रे आले होते. दोनदा मशीन उचलताना त्यांनी ही भिंत पाहिली होती आणि चुना लावून घे, असा सल्ला दिला होता.

“तुला माहीत होतं,” ते म्हणाले. “मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? तू येऊन म्हणायचास, ताई, एक पाऊल मागे गेला. लहानपणी पहिला नंबर आल्यासारखा चेहरा करून म्हणायचास.”

“अगं, पण घर जाईल! एवढी का जीव मुठीत धरून राहिलीस? कधीच उंचवट्यावर राहायला जायला हवं होतंस.”

“होडीवाले दारात शिडं टाकून जातात. वर कोण चढून येणार?” ताई म्हणाली. मग म्हणाली, “शिवाय मला पाणी दिसल्याशिवाय झोप येत नाही.” मग टेप गुंडाळत, त्यांच्याकडे न बघता, “आणि तू मोजायला यायचास. वर काही मोजण्यासारखं नाही.”

एकतीस वर्षांत वही बगलेत नसताना आपण ताईकडे कधी आलो होतो, ते अडीचराव आठवत बसले. मेहुणे गेले तेव्हा. मशीन हलवलं तेव्हा दोनदा. आणखी एखादी खेप निघेल म्हणून त्यांनी पुष्कळ डोकं खाजवलं. निघाली नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ताईनं पुढे केलेला चहा त्यांनी मान वर न करता संपवला.

शनिवारी दुपारच्या आत त्यांनी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. अक्षर नेहमीचंच, गोल आणि सुटं. ‘माझे पाऊल अडीच फूट राहिलेले नाही. ते कालच्या तारखेस एक फूट साडेआठ इंच भरले. कधीपासून कमी होत गेले हे माझ्या ध्यानात आले नाही. खांबाजवळचे घर यादीत घ्यावे. बाईंच्या यंत्रात दोष नाही. समुद्रातही नाही. मूळ दाखला सोबत परत करीत आहे.’

साहेबांनी दोनदा वाचलं. “दाखला परत घ्यायची पद्धत नाही आपल्याकडे,” ते म्हणाले. पण घेतला. वह्या कपाटात बंद करायला निघाले तेव्हा बाईंनी त्या मागून घेतल्या, आणि तीन-चार दिवस ताईच्या ओट्यावर बसून कोणत्या वर्षी खिडकीशी कोणता आकडा यायचा ते लिहून घेतलं. त्यावरून त्या त्या वर्षी पाऊल केवढं होतं ते निघतं आणि मग जुने आकडे दुरुस्त करता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अडीचरावांना त्यातलं एवढंच कळलं, की कचेरीच्या तीस वर्षांच्या मोजणीत एकमेव भरवशाची गोष्ट त्यांच्या बहिणीचे कान होते.

उधाणांच्या तिसऱ्या दिवशी पाणी पश्चिमेच्या खोलीतून आत आलं आणि भिंत घेऊन गेलं. तोवर ताई वर राहायला गेली होती. मशीन तिसऱ्यांदा हललं, या खेपेला चार माणसांनी उचललं, आणि अडीचराव फक्त “जपून, जपून,” म्हणत मागून चालले. घरी दाखल्याची चौकट रिकामी झाली होती. बायकोनं एक दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी लग्नाचा फोटो तिच्यात बसवला. फोटो चौकटीला लहान पडला, पण तिनं तो मधोमध बसवला आणि बरंच लांब उभं राहून पाहिला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पंधरवड्याला अडीचराव उंचवट्यावर गेले. चढ होता, दोनदा थांबावं लागलं. ताईच्या नव्या दाराशी ते धापा टाकत उभे राहिले. बगलेत काही नव्हतं, आणि हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

“आज काय मोजायला आलास?” ताईनं विचारलं.

“काही नाही.”

ताईनं मशीन थांबवलं. उठून आधण ठेवलं. अडीचराव खिडकीपाशी बसले. तिथून खाली दांडा दिसत होता, त्याचं टोक आणखी पुढे गेलेलं, आणि दगडी खांब एकटाच.

“माझ्या दारापासून इथवर पाचशे चाळीस पावलं भरली,” ते थोड्या वेळानं म्हणाले. राहवलं नसणार.

पुढच्या पंधरवड्याला पाचशे एक्कावन्न भरली. त्यानंतरच्या खेपेला पाचशे साठ.

“ताई, तुझं घर लांब चाललंय गं,” कप उचलत अडीचराव म्हणाले.

“चालू दे,” ताई म्हणाली. “आता इथून बसल्या जागी तुझा आवाज लांबून ऐकू येतो. पाचशे झाले की मी आधण ठेवते.”